जुनी हुराकान घेताना: ५८०-२, ६१०-४ की इव्हो?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. तुम्ही कोल्हापूरला राहता, पहिलीच सुपरकार घेताय आणि लॅम्बोर्गिनी हुराकानच घ्यायची हे पक्कं आहे. समोर दोन गाड्या आहेत. एक २०१६ ची एलपी ५८०-२, एमएच पासिंग, ११ हजार किलोमीटर झालेली. दुसरी २०१५ ची एलपी ६१०-४, पुदुचेरी पासिंग, ६ हजार किलोमीटर, पुढचा लिफ्टर (बटणाने गाडीचं नाक वर करणारी सोय) असलेली. दोन्हींची किंमत जवळजवळ सारखीच सांगतायत. मग जास्त ताकद, चारही चाकांना ड्राइव्ह आणि कमी रनिंग असलेली ६१०-४ सोडून कुणी ५८०-२ का घ्यावी, की थोडे पैसे वाढवून सरळ इव्हो आरडब्ल्यूडी (हुराकानचीच नंतरची, फक्त मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेली आवृत्ती) बघावी, आणि पावसात कुठली बरी, हे तुम्हाला हवंय.

मी आधी एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये होतो. आता मुंबई-पुण्यात, घेणाऱ्याच्या वतीने अशा गाड्या तपासून देतो. तपासणीला येणारे बहुतेकजण व्हेरिएंटचाच प्रश्न घेऊन येतात. नवी गाडी बुक करताना तो प्रश्न बरोबर असतो. दहा वर्षांच्या गाडीत मात्र तो मागे पडतो. आता तुमच्यासमोर दोन व्हेरिएंट नाहीत, दोन विशिष्ट गाड्या आहेत. कुणीतरी त्या वेळी काही ऑप्शन निवडून त्या मागवल्या, वापरल्या किंवा नुसत्या उभ्या ठेवल्या. खरा प्रश्न असा की यातली कुठली गाडी तुमच्या घरापासून तुमच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं नीट चालेल, आणि घेतल्यावर तिच्यावर अजून किती पैसे घालावे लागतील.

तरी व्हेरिएंटचं आधी सांगतो, कारण फरक आहे आणि तो काही खोटा नाही. हुराकान २०१४ मध्ये जिनिव्हाच्या शोमध्ये गॅलार्डो या आधीच्या मॉडेलच्या जागी आली ती ६१०-४ म्हणून. ६१० हा ताकदीचा आकडा आणि ४ म्हणजे चार चाकांना ड्राइव्ह. २०१५ च्या शेवटी ५८०-२ आली, फक्त मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेली. इंजिन दोन्हीत तेच, ५.२ लिटरचं, टर्बो नसलेलं व्ही-१०. गिअरबॉक्सही तोच, सात गिअरचा ड्युअल क्लच. टॉर्क एकीत ५६० न्यूटन मीटर, दुसरीत ५४०. पुढचा ड्राइव्ह काढल्यामुळे ५८०-२ चं कोरडं वजन १४२२ वरून १३८९ किलोवर आलं. म्हणजे वजनाच्या प्रमाणात ताकद काढली तर दोघींतला फरक तीन टक्क्यांच्याही आत येतो. शंभरचा वेग ६१०-४ गाठते ३.२ सेकंदांत आणि ५८०-२ गाठते ३.४ सेकंदांत. एक्स्प्रेसवेवर सपाटीला मर्यादाच १०० ची आहे, आणि दोन्ही गाड्या दुसऱ्या गिअरमध्येच १०० पार करतात. या ०.२ सेकंदांसाठी तुम्ही निर्णय फिरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

भारतात आली तेव्हा ६१०-४ ची एक्स-शोरूम किंमत ३.४३ कोटी होती आणि ५८०-२ ची २.९९ कोटी. ४४ लाखांचं ते अंतर आज तुमच्यासमोर जवळपास मिटलंय. म्हणजे बाजारसुद्धा आता बिल्ल्यापेक्षा गाडीची अवस्था, पासिंग आणि ऑप्शन यांचे पैसे मोजतोय.

चालवण्यातला फरक मात्र आकड्यांपेक्षा मोठा आहे. ५८०-२ मध्ये पुढच्या चाकांकडे फक्त वळण्याचं आणि ब्रेकचं काम उरतं. पुढचा भार ४३ टक्क्यांवरून ४० वर आला आणि स्प्रिंगही त्याप्रमाणे बदलल्या, म्हणून स्टीअरिंग मोकळं वाटतं. आंबा घाटात किंवा गगनबावड्याहून उतरताना गाडी हातात बोलते. सुरुवातीच्या ६१०-४ वळणात नाक थोडं बाहेर टाकतात, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. २०१६ च्या मॉडेल-वर्षात कंपनीने चार चाकांच्या ड्राइव्हचं नियंत्रण बदलून ते बरंच सुधारलं, आणि कमी भारावर पाच सिलिंडर बंद करणारी सोयही त्याच वेळी दिली. तुमची ६१०-४ जर २०१५ ची असेल तर ती त्याआधीची. म्हणजे ६१०-४ घ्यायचीच असेल तरी मी तुम्हाला २०१६ नंतरची शोधा असंच म्हणेन.

पावसाचं तुम्ही खास विचारलंय. चार चाकांना ड्राइव्ह असली की ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना, गॅस देताना गाडी शांत राहते. नवशिक्या हाताला तो आधार खरा आहे, तो मी नाकारणार नाही. पण ब्रेक मारताना दोन्ही गाड्या सारख्याच, आणि पाण्याच्या थरावर तरंगायला लागल्या तरी सारख्याच. मागचे टायर दोन्हीत ३०५ रुंदीचे आहेत. इतका रुंद टायर पाणी बाजूला सारायला कमी पडतो, आणि सात-आठ वर्षांनी रबर कडक झालं की आणखीच कमी पडतो. पावसात माझा भरवसा नव्या टायरवर असतो. नवे टायर घातलेली ५८०-२ जुन्या टायरच्या ६१०-४ पेक्षा नक्की सुरक्षित. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या पंचगंगेकाठच्या रस्त्यांवर पाणी किती चढतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिथे दोन्ही गाड्या घरातच बऱ्या.

आता ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त अडून बसतो ते सांगतो: पुढचा लिफ्टर. बटण दाबलं की गाडीचं नाक साधारण ४० मिलिमीटर वर येतं. हुराकान कूपेमध्ये हा ऑप्शन होता, म्हणजे काही गाड्यांना आहे आणि काहींना नाही. तुम्ही ६१०-४ ला लिफ्टर असल्याचं लिहिलंय, ५८०-२ बद्दल काहीच लिहिलेलं नाही. माझ्यासाठी ही गोष्ट ६१० आणि ५८० पेक्षा मोठी आहे. आपल्याकडचे गतिरोधक काही मापात नसतात. गावाच्या वेशीवर डांबराचा उंचवटा, सोसायटीच्या दारात रबरी पट्टा, पेट्रोल पंपावर चढताना काँक्रीटची धार, आणि सर्व्हिससाठी फ्लॅटबेडवर चढवताना रॅम्प, या चारही ठिकाणी लिफ्टर लागतो. पुण्यातल्या एका गृहस्थांनी मला न दाखवता लिफ्टर नसलेली गाडी घेतली होती. रंग मनासारखा मिळाला म्हणून घाई झाली. त्यांच्या इमारतीच्या पार्किंगच्या उतारावर पहिल्याच दिवशी पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पट्टी) घासला. पुढे ते प्रत्येक वेळी दोन माणसं आणि लाकडी फळ्या घेऊन गाडी बाहेर काढायचे. वर्षभरात त्यांनी ती विकली. ते भेटले की मला अजूनही वाईट वाटतं, कारण गाडी उत्तम होती आणि त्यांचं तिच्यावर प्रेमही होतं.

नंतर लिफ्टर बसवता येतो का, असं पुढे विचाराल. बसतो, पण कंपनीतून आला तसा सरळ बसत नाही. डॅम्पर (शॉक ॲब्झॉर्बर), पंप, पाइप आणि वायरिंग सगळं आलं, खर्च लाखांत जातो. म्हणून गाडी बघायला गेलात की पहिलं काम हे करा: लिफ्टर वर करा, इग्निशन बंद करून १५ मिनिटं तशीच ठेवा. दोन्ही बाजूंना चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंतचं अंतर आधी आणि नंतर मोजा. एक बाजू खाली बसत असेल तर गळती आहे. टॉर्च घेऊन पुढच्या डॅम्परवर तेलाचा ओलसरपणा बघा. ६१०-४ ला लिफ्टर आहे म्हणून तिचे गुण देण्याआधी तो चालतो का, हे कळायला हवं.

ब्रेकमध्ये दोन्ही व्हेरिएंट उलट्या दिशेला आहेत. ६१०-४ ला कार्बन-सिरॅमिक डिस्क कंपनीकडूनच मिळत होत्या. ५८०-२ ला मूळचे लोखंडी डिस्क, सिरॅमिक हवे असल्यास वेगळे पैसे. नव्या गाडीत सिरॅमिक ही चैन वाटते. जुन्या गाडीत त्यांच्याकडे पुढचं बिल म्हणून बघायला हवं. सिरॅमिक डिस्क नीट वापरली तर फार टिकते, पण चाक काढताना एखाद्या मेकॅनिकचा हात घसरला आणि कड उडाली की संपलं. चारही डिस्क बदलायच्या म्हटल्या तर एक नवी छोटी हॅचबॅक येईल इतका खर्च होतो. तपासताना डिस्कची कड बोटाने फिरवून बघतो, पृष्ठभाग खरखरीत झालाय का, धागे दिसतायत का ते बघतो. डिस्कवर किमान मर्यादेचा आकडा कोरलेला असतो, शंका आली तर डिस्क उतरवून पडताळतो. लोखंडी डिस्कच्या बाबतीत हे काम सोपं आहे. ट्रॅकवर न नेणाऱ्या माणसाला लोखंडी डिस्क पुरेशा आहेत, आणि कोल्हापूरहून सर्व्हिसला मुंबई गाठायची असताना मला त्या जास्त निर्धास्त वाटतात. पडून राहिलेल्या गाडीत त्यांना वरून गंज धरतो, तो पहिल्या दहा-वीस ब्रेकला निघून जातो. त्याला घाबरू नका.

डायनॅमिक स्टीअरिंग आणि मॅग्नेटिक सस्पेन्शन हेही ऑप्शनच होते. डायनॅमिक स्टीअरिंग वेगानुसार स्टीअरिंगचं प्रमाण बदलतं. पार्किंगला हलकं जातं, पण घाटात एकाच वळणात हाताला वेगवेगळं उत्तर मिळतं, ते मला कधीच आवडलं नाही. साधं स्टीअरिंग असलेली गाडी मिळाली तर ती मी वरची समजतो, मूळ किंमत कमी असली तरी. मॅग्नेटिक सस्पेन्शन डॅम्परचा कडकपणा रस्त्याप्रमाणे बदलतं, आणि आपल्या रस्त्यांवर खरोखर सुख देतं. एकच अट, डॅम्पर गळके नसावेत, कारण एक बदलायचा तर त्याच ॲक्सलची जोडी बदलावी लागते. कुठल्या गाडीत नेमकं काय आहे हे विकणाऱ्याच्या आठवणीवर सोडू नका. झेडएचडब्ल्यूपासून सुरू होणारा चेसिस नंबर मागून घ्या आणि अधिकृत डीलरकडून त्या नंबरची मूळ ऑप्शन यादी काढून आणायला विकणाऱ्याला सांगा. यादी द्यायला कुणी टाळाटाळ केली तर मी तिथेच थांबतो.

आता ६ हजार किलोमीटरचं. कमी रनिंग पाहून तुमचं मन ६१०-४ कडे झुकलंय हे तुमच्या लिहिण्यातून दिसतं, म्हणून हे जरा नीट वाचा. दहा वर्षांत ६ हजार म्हणजे महिन्याला ५० किलोमीटर. अशी गाडी बहुतेक काळ उभी असते. उभ्या गाडीत टायर एकाच जागी दबतात, सील सुकतात, बॅटरी पुन्हा पुन्हा शून्यावर जाते आणि कंट्रोल युनिट विचित्र एरर दाखवायला लागतात. टाकीत महिनोन्महिने पडलेल्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ११ हजार चाललेली, दर वर्षी ऑइल बदललेली, आठवड्याला बाहेर निघणारी गाडी मला जास्त विश्वासाची वाटते. सर्व्हिसचं गणित किलोमीटरवर लावू नका, दर वर्षीची नोंद बघा. "चाललीच नाही म्हणून सर्व्हिस केली नाही" हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय, आणि दर वेळी त्यापुढे बिल आलंय.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१५ म्हणजे २०१५ चा २३ वा आठवडा. ६१०-४ ला आजही मूळचे टायर असतील तर नक्षी कितीही खोल दिसो, चारही टायर गेले असं धरूनच भाव करा. तिच्यात अजून एक गोष्ट आहे. पुढच्या ॲक्सलला ताकद देणारा एक इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा मल्टिप्लेट क्लच असतो. पुढे एका कंपनीचे नवे आणि मागे दुसऱ्या कंपनीचे झिजलेले टायर असले, तर चाकांच्या फिरण्यात सतत फरक राहतो आणि तो क्लच विनाकारण घसरत, तापत राहतो. माझ्याकडे आलेल्या एका ६१०-४ मध्ये नेमकं हेच झालं होतं. मालकाने पैसे वाचवायला फक्त पुढची जोडी बदलली होती, आणि चालवून बघायला घेतली तर सावकाश वळताना पुढून झटके येत होते. ५८०-२ मध्ये हा भागच नाही, त्यामुळे तो खर्चही नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात: हे व्ही-१० दणकट आहे. यात थेट आणि मॅनिफोल्डमधून, असे दोन्ही इंजेक्शन असल्यामुळे व्हॉल्व्हवर काजळी साठण्याचा त्रास नंतरच्या, फक्त थेट इंजेक्शनच्या गॅलार्डोपेक्षा कमी. गाडी पूर्ण थंड असताना स्टार्ट करायला मागा. तुम्ही पोचायच्या आधीच कुणी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमधल्या नोंदी डायग्नोस्टिक लावून वाचून घ्या. गाडी पुन्हा रंगवली आहे का हे तपासताना रंगाची जाडी मोजणारं साधं मीटर चालणार नाही. बॉडी ॲल्युमिनियमची आहे, म्हणून लोखंडाशिवायच्या धातूवर चालणारं मीटर हवं, आणि प्लास्टिकच्या बंपरवर तेही आकडा देत नाही. गाडीवर रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म) असेल तर निदान बॉनेटचा आणि मागच्या फेंडरचा कोपरा उचलून दाखवायला सांगा. केबिनची मागची भिंत आणि दोन सीटमधला बोगदा कार्बन फायबरचा आहे. तिथे मार बसलेली गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका. त्यासाठी गाडी लिफ्टवर चढवून खालची पॅनल काढावीच लागतात. विकणारा हे करू देत नसेल तर पुढे बोलणं नको.

कागदांवर मात्र वेळ द्या, कारण पुदुचेरी पासिंग तुमच्या ६१०-४ ची किंमत बदलून टाकतं. दुसऱ्या राज्याची गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिथल्या कार्यालयाची एनओसी लागते आणि इथे पुन्हा एकरकमी कर भरावा लागतो. गाडीच्या वयाप्रमाणे किमतीत घट धरतात, पण आयात केलेल्या गाडीला आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला आपल्याकडे कराचा दर जास्त आहे. मूळ किंमत तीन कोटींच्या पुढची असताना घट धरूनही ही रक्कम छोटी राहत नाही. कोल्हापूर आरटीओत जाऊन, आरसीची प्रत दाखवून, नेमका आकडा आधी काढून आणा आणि तो सांगितलेल्या किमतीत मिळवा. माझा अंदाज आहे की तेवढं केल्यावर दोन्ही गाड्यांची किंमत "सारखी" राहणार नाही. बँकेचा बोजा उतरलाय का, विम्याचे क्लेम किती झाले, आणि कस्टमची बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद) चेसिस नंबरशी जुळते का, हे दोन्ही गाड्यांचं बघा. २०१५ ची गाडी २०३० मध्ये फेरनोंदणीला येईल, हेही डोक्यात असू द्या.

इव्हो आरडब्ल्यूडीबद्दल मला मनापासून चांगलं बोलायचंय. ६१० ची ताकद, मागच्या चाकांना ड्राइव्ह, ट्रॅक्शन कंट्रोल जास्त हुशार, आत मधोमध टचस्क्रीन, आणि चार चाकांच्या इव्होमधलं मागच्या चाकांचं स्टीअरिंग यात नाही, म्हणून एक गुंतागुंत कमी. २०२० मध्ये आपल्याकडे आली तेव्हा ३.२२ कोटी किंमत होती. बजेट खरोखर पोचत असेल तर तिघींत मी तिलाच पहिली म्हणेन. पण "थोडे पैसे वाढवून" या शब्दांनी मला काळजी वाटते. मी प्रत्येकाला एक गोष्ट आग्रहाने सांगतो: खरेदीच्या किमतीच्या किमान १० टक्के रक्कम वेगळी ठेवा, टायर, विमा, पहिली मोठी सर्व्हिस आणि एखादा अचानक आलेला पार्ट यासाठी. इव्हो घेऊन ही रक्कम उरत नसेल तर ५८०-२ घ्या आणि ती मोकळेपणाने चालवा. पैसे संपले म्हणून महिनोन्महिने झाकून ठेवलेल्या गाड्या मी बघतो, त्या कुठल्या व्हेरिएंटच्या आहेत याने काही फरक पडत नाही.

म्हणजे तुमच्या बाबतीत माझा कल असा. ५८०-२ ला लिफ्टर असेल, दर वर्षीच्या सर्व्हिसची नोंद असेल आणि खालून गाडी स्वच्छ निघाली, तर ती घ्या. ६१०-४ बघायलाही जाऊ नका. ५८०-२ ला लिफ्टर नसेल तर दोन्ही सोडा आणि लिफ्टर असलेल्या दुसऱ्या ५८०-२ ची वाट बघा. ६१०-४ चा विचार मी एकाच परिस्थितीत करेन: कराचा आकडा, चार नवे टायर आणि राहिलेल्या सर्व्हिसचा खर्च किमतीतून उतरवून द्यायला मालक तयार असेल, आणि ब्रेकच्या डिस्क चांगल्या निघाल्या. तुम्ही ट्रॅकवर जाणार असाल किंवा घरात अजून कुणी ही गाडी चालवणार असेल तर हे गणित थोडं हलेल, त्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही.

५८०-२ च्या मालकाला आज फोन करून दोनच गोष्टी विचारा: लिफ्टर आहे का, आणि चारही टायरवरचे चार आकडे कोणते. ती उत्तरं आणि ऑप्शन यादीचा फोटो इथेच टाका, म्हणजे गाडी बघायला जाताना काय काय सोबत न्यायचं ते मी पुढे लिहितो.